गोंगाटाची मोजदाद: पल्सारांचे ठोके आणि गुरुत्वीय लहरी

जून २०२३ च्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञांच्या चार गटांनी आपापले शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. उत्तर अमेरिकेतला नॅनोग्रॅव्ह, युरोप व भारताचा संयुक्त गट, ऑस्ट्रेलियातला पार्क्स गट आणि चीनचा गट असे हे चौघे. त्यांच्या दुर्बिणी निराळ्या होत्या, निरीक्षणांचा कालावधी साडेतीन वर्षांपासून पंचवीस वर्षांपर्यंत कमीजास्त होता, गणिताच्या पद्धतीही तंतोतंत एक नव्हत्या. तरी सर्वांच्या म्हणण्याचा गाभा एकच होता. पल्सार नावाच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ ठोक्यांच्या वेळा ज्या रीतीने पुढेमागे सरकतात, तीत विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींची खूण दिसते आहे.

‘विश्वाची गुणगुण ऐकू आली’ अशा थाटाच्या बातम्या तेव्हा जगभर झळकल्या. त्या वाचून वाटावे की कुणीतरी कान लावला आणि आवाज आला. प्रत्यक्षात वीस-पंचवीस वर्षांचे बहुतेक श्रम खर्ची पडले ते लहर नसलेल्या गोष्टी ओळखण्यात, मोजण्यात आणि एकेक करून बाजूला काढण्यात. या निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा हे त्या निवडण्या-पाखडण्यावरच ठरते असे माझे मत आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीचे महत्त्वही त्याच कामात आहे.

मंद लहरी, लांब मोजपट्टी

गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाश-काळाचे आळीपाळीने ताणले जाणे आणि आकसणे, जे प्रकाशाच्या वेगाने पुढे सरकत जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने टिपलेली पहिली लहर सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेली होती. सगळा प्रसंग सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारे लायगो-इंडिया याच जातीच्या, सेकंदाला दहापासून हजारभर आवर्तने करणाऱ्या लहरी पाहील.

दीर्घिकांच्या केंद्रांतली कृष्णविवरे मात्र सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट जड असतात. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची केंद्रस्थ कृष्णविवरेही कालांतराने एकमेकांभोवती फिरू लागतात, आणि एकेका फेरीला वर्षेच्या वर्षे लागतात. अशा जोडीतून निघणाऱ्या लहरीची वारंवारिता नॅनोहर्ट्झमध्ये मोजावी लागते. तिचे एक शिखर जाऊन दुसरे येईपर्यंत काही वर्षे उलटतात आणि तिची तरंगलांबी काही प्रकाशवर्षांची असते. लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजा इथे काहीच कामाच्या नाहीत. मोजपट्टीच शेकडो-हजारो प्रकाशवर्षांची हवी.

ती निसर्गानेच दिली आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांनी पहिला पल्सार हेरला, दर १.३३७ सेकंदांनी ठोका देणारा. पल्सार हा फिरता न्यूट्रॉन तारा. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत प्रत्येक फेरीत एकदा पृथ्वीवरून जातो आणि दुर्बिणीला एक ठोका मिळतो. १९८२ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांना सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार सापडला. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी त्या चमूत होते, तेव्हा बर्कलीत संशोधक विद्यार्थी म्हणून. सहचर ताऱ्याकडून पदार्थ ओढून घेता घेता वेग पकडलेले हे म्हातारे तारे मिलिसेकंद पल्सार म्हणून ओळखले जातात. त्यांची गती इतकी स्थिर असते की पुढच्या वर्षी अमुक दिवशी ठोका कधी येईल हे मायक्रोसेकंदाच्याही आत सांगता येते.

मिखाईल साझिन यांनी १९७८ मध्ये आणि स्टीव्हन डेटवायलर यांनी १९७९ मध्ये कल्पना मांडली ती अशी: पृथ्वी आणि पल्सार यांच्या मधून गुरुत्वीय लहर गेली तर ठोके अपेक्षित वेळेच्या किंचित आधी किंवा नंतर पोचतील. हा फरक वर्षानुवर्षे हळूहळू बदलत राहील. त्याचा आकार शंभर ते काहीशे नॅनोसेकंद, आणि शंभर नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम तीस मीटर जातो. इतका फरक पकडायचा तर तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या असलेल्या इतर सगळ्या फरकांचा हिशेब आधी चुकता करावा लागतो.

एक ठोका मोजताना

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळले की खोडदच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरलेल्या दिसतात. चौदा मध्यभागी दाटीने, सोळा तीन फाट्यांवर, एकूण पसारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी दोरखंडांसारख्या ताणलेल्या पोलादी तारांवर जाळी बसवून या तबकड्या हलक्या केल्या, आणि वाऱ्याचा भार कमी झाल्याने त्या परवडल्या. भारतीय पल्सार टायमिंग ॲरेचा म्हणजे इन्प्टाचा गट याच दुर्बिणीवर काम करतो. जपानी संशोधकही त्यात आहेत. निरीक्षणाच्या वेळी तबकड्यांचे दोन गट पाडतात. एक गट ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाहतो, दुसरा १२६० ते १४६० च्या. दोन्ही गटांची नजर त्याच क्षणी त्याच ताऱ्यावर असते.

एकटा ठोका सहसा दिसतच नाही, इतका तो दुबळा. जे०४३७-४७१५ सारखे तेजस्वी पल्सार विरळा. त्यामुळे ताऱ्याच्या आवर्तनकाळाइतके तुकडे पाडून संकेत एकमेकांवर रचत जातात. जे१७१३+०७४७ हा पल्सार ४.५७ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे चार लाख ठोके एकावर एक बसतात. त्यातून ठोक्याची सरासरी आकृती वर येते, ती ठरलेल्या नमुन्याशी जुळवतात, आणि मग ‘ठोका अमुक वाजता आला’ हा एक आकडा हाती लागतो. पंधरा वर्षांची नोंद म्हणजे अशा आकड्यांची माळ.

या आकड्याला पहिला धोका वाटेतला. ताऱ्यांमधल्या अवकाशात विरळ इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांच्यामुळे कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरी मागे पडतात. हे अपस्करण वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. जे१९०९-३७४४ या पल्सारचे उदाहरण घेऊ. त्याच्या दिशेला इलेक्ट्रॉनांचा जो स्तंभ आहे त्यामुळे १४०० मेगाहर्ट्झला ठोका सुमारे २२ मिलिसेकंद उशिरा येतो आणि ४०० मेगाहर्ट्झला सुमारे २६९ मिलिसेकंद. ताऱ्याची एक फेरी २.९५ मिलिसेकंदांची. म्हणजे एकाच वेळी निघालेल्या ठोक्याचा वरच्या पट्ट्यातला भाग पोचतो आणि खालच्या पट्ट्यातला पोचतो, तेवढ्यात तारा सुमारे ८४ फेऱ्या घेऊन मोकळा झालेला असतो.

उशीर कायम तेवढाच राहिला असता तर एकदा वजा करून विषय संपला असता. पण पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, सौरवारा कमीजास्त होतो आणि दृष्टिरेषेतले इलेक्ट्रॉन बदलत राहतात. या स्तंभात दहा हजारात एक भागाचा बदल झाला तर १४०० मेगाहर्ट्झला ठोका सुमारे दोन मायक्रोसेकंदांनी सरकतो. आपण शोधतो आहोत त्या लहरीच्या परिणामाच्या हा कितीतरी पट. शिवाय हा बदलही लहरीसारखाच संथ, वर्षानुवर्षांचा. ४०० मेगाहर्ट्झला मात्र तोच बदल सुमारे सत्तावीस मायक्रोसेकंदांचा होऊन समोर येतो, म्हणून तो तिथे स्वच्छ मोजता येतो. बहुतेक युरोपीय आणि अमेरिकी नोंदी वरच्या पट्ट्यांतल्या आहेत. खोडदची दुर्बीण खालच्या पट्ट्यात तितकीच तीक्ष्ण आहे, आणि दोन्ही पट्टे एकाच वेळी पाहिल्याने ‘आज या दिशेला इलेक्ट्रॉन किती’ याचे उत्तर त्याच दिवसापुरते मिळते. इन्प्टाने २०२२ मध्ये चौदा पल्सारांच्या साडेतीन वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या दहा पल्सारांच्या नोंदी युरोपीय माहितीला जोडल्या गेल्या.

दुसरा धोका ताऱ्याकडूनच. २०२१ च्या एप्रिल महिन्याच्या मध्यास जे१७१३+०७४७ च्या ठोक्याची आकृती अचानक बदलली. हा जगातल्या सगळ्या गटांचा भरवशाचा पल्सार, सर्वांत काटेकोर मोजल्या जाणाऱ्यांपैकी एक. खोडदला तो बदल नोंदला गेला, चीनच्या फास्ट दुर्बिणीला आणि कॅनडाच्या चाइमलाही. वाटेतले इलेक्ट्रॉन वाढले असते तर उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या नियमाने बदलायला हवा होता. इन्प्टाच्या विश्लेषणात तो तसा बदलला नाही, म्हणून आकृतीच बदलली असा निष्कर्ष निघाला. पुढच्या महिन्यांत आकृती हळूहळू पूर्ववत होऊ लागली. एरवी अशा घटनेकडे उपद्रव म्हणून पाहिले जाते. मला तिचे मोल मोठे वाटते, कारण आपण ज्याला स्थिर मानतो तो तारा किती आणि कसा ढळू शकतो हे तिने अनेक दुर्बिणींसमोर दाखवून दिले.

तिसरा धोका आपल्याच अंगणातला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ठोका वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत आधी किंवा नंतर पोचतो. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला लावून घेतात. ते केंद्र कुठे आहे हे ग्रहांची वस्तुमाने आणि स्थाने ठरवतात, आणि त्यात गुरूचा अंमल सर्वांत मोठा. गुरूच्या स्थानात शंभर किलोमीटरची चूक असली तर वस्तुमानकेंद्राचा हिशेब सुमारे शंभर मीटरने चुकतो आणि प्रकाशाच्या भाषेत ती चूक तीनशेहून अधिक नॅनोसेकंदांची होते. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, आणि नॅनोग्रॅव्हची एक नोंदमाला अकरा वर्षांचीच होती. म्हणजे ग्रहगणितातला दोष लहरीचे सोंग घेऊन उभा राहायला याहून सोयीचा काळ नव्हता. त्या माहितीवर निरनिराळी ग्रहगणिते वापरून पाहिली तेव्हा उत्तरे खरोखरच वेगवेगळी आली. २०१६ मध्ये जुनो यान गुरूपाशी पोचले आणि त्याच्या मोजमापांनी हा प्रश्न बराच सौम्य केला. पृथ्वीवरच्या अणुघड्याळांतली चूक हा चौथा धोका, पण तो ओळखायला सोपा आहे.

कोनाची साक्ष

इतके सगळे वजा करून जे उरेल त्याला लहर म्हणायचे का? नाही. उरलेल्या फरकात आपल्याला माहीत नसलेले काहीही लपलेले असू शकते. या विषयाला खरे शास्त्रीय बळ दिले ते १९८३ मध्ये रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी. एका पल्सारकडे पाहू नका, जोड्यांकडे पाहा, असे त्यांनी सुचवले.

घड्याळ चुकले तर सगळे पल्सार एकाच वेळी सारखेच चुकलेले दिसतील, ते आकाशात कुठेही असोत. ग्रहगणित चुकले तर एका दिशेचे पल्सार लवकर आणि विरुद्ध दिशेचे उशिरा येताना दिसतील. गुरुत्वीय लहर एका दिशेत ताणते आणि तिच्याशी काटकोनात आकसवते, त्यामुळे तिचा ठसा या दोन्हींपेक्षा वेगळा पडतो. दोन पल्सार आकाशात अगदी जवळ असतील तर त्यांच्या फरकांतला सहसंबंध ०.५ असतो. कोन वाढत गेला की तो घसरतो, पन्नास अंशांच्या सुमारास शून्य होतो, ब्याऐंशी अंशांच्या आसपास उणे ०.१५ पर्यंत उतरतो, आणि पुन्हा चढत एकशे ऐंशी अंशांना ०.२५ वर पोचतो. जवळच्या जोडीलाही पूर्ण १ का मिळत नाही? कारण लहर पृथ्वीलाही हलवते आणि पल्सारलाही. पृथ्वीचा वाटा दोघांना समान, पल्सारचा ज्याचा त्याचा स्वतंत्र.

हा वक्र कोणी माहितीवरून बेतलेला नाही. तो सामान्य सापेक्षतावादातून, पुरेशी निरीक्षणे जमण्याच्या कितीतरी आधी निघालेला आहे. इलेक्ट्रॉनांच्या ढगाला किंवा ताऱ्याच्या लहरीपणाला आकाशातल्या कोनांचा असा हिशेब पाळण्याचे काही कारण नाही. म्हणूनच २०२० च्या अखेरीस नॅनोग्रॅव्हला बऱ्याच पल्सारांत एकसारखा मंद डोल दिसला, तरी त्यांनी लहर सापडल्याचे म्हटले नाही. डोल होता, कोनाची साक्ष नव्हती.

हा संयम किती आवश्यक होता हे २०१५ च्या एका निष्कर्षावरून कळते. पार्क्सच्या गटाने ‘सायन्स’मध्ये तेव्हा दाखवले होते की या लहरींची पार्श्वभूमी, वर्षाला एक आवर्तन या वारंवारितेला, १×१०^-१५ पेक्षा दुबळी असली पाहिजे, ९५ टक्के खात्रीने. दीर्घिकांच्या विलीनीकरणाची काही प्रतिमाने त्यामुळे अडचणीत आली. आज चौघांनाही मिळणारे मूल्य २×१०^-१५ च्या आसपास किंवा त्याहून वर आहे. त्या मर्यादेचा भार मोजक्या पल्सारांवर होता. अशा मर्यादा ग्रहगणिताच्या निवडीवर आणि प्रत्येक ताऱ्याच्या गोंगाटाचे गणित कसे मांडले यावर किती अवलंबून असतात, हे नंतरच्या अभ्यासांनी उघड केले. गोंगाटाचे प्रतिमान चुकले की खरी लहरसुद्धा गोंगाटाच्या खात्यात जमा होते.

२०२३ मध्ये नॅनोग्रॅव्हकडे पंधरा वर्षांचे ६७ पल्सार होते, म्हणजे २,२११ जोड्या. त्यांच्या सहसंबंधांत हेलिंग्ज-डाउन्स वक्राची आकृती ३ ते ४ सिग्माच्या दर्जाने दिसली. हा दर्जा काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. संगणकात पल्सारांच्या आकाशातल्या जागा मुद्दाम उलटसुलट करतात, त्यामुळे खरा सहसंबंध असला तर तो मोडतो. असे हजारो वेळा करून, निव्वळ योगायोगाने इतका चांगला वक्र कितीदा दिसतो ते मोजतात. चीनच्या गटाने ५७ पल्सार आणि जेमतेम साडेतीन वर्षांच्या नोंदींतून, पण फास्टच्या प्रचंड ग्रहणक्षमतेच्या बळावर, ४.६ सिग्मा एका विशिष्ट वारंवारितेला मिळवले. पार्क्सच्या ३० पल्सारांतून २ सिग्माच्या आसपास मिळाले. भौतिकशास्त्रात शोधाचा दावा ५ सिग्माला करतात, म्हणजे योगायोगाची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक. त्या उंबरठ्याच्या अलीकडेच सगळे थांबले, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले.

युरोप-भारताच्या निष्कर्षात एक गोष्ट वरवर उलटी दिसते. त्यांच्याकडे २५ पल्सारांच्या जवळजवळ पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या. सगळ्या वापरल्या तर कोनाची साक्ष क्षीण. फक्त शेवटची दहा वर्षे घेतली तर ती ३ सिग्माच्या आसपास. जास्त माहितीने पुरावा घटावा हे कसे? एक संभाव्य कारण असे की जुन्या यंत्रणा अरुंद पट्ट्यात नोंद करत, त्यामुळे त्या काळातल्या इलेक्ट्रॉनांच्या चढउताराची दुरुस्ती नीट करता येत नाही आणि तो चढउतार लहरीच्या हिशेबात घुसतो. १९९० च्या दशकातला एखादा दिवस पुन्हा मोजता येत नाही. खालच्या पट्ट्यातली रोजची नोंद आजच करून ठेवणे म्हणूनच मला इतके निकडीचे वाटते. खोडदच्या आसपास मोबाइल मनोरे, उद्योग आणि वीजवाहिन्या यांच्याबाबत जी बंधने पाळली जातात त्यांचा स्थानिकांना जाच होतो हे खरे, पण त्या शांततेशिवाय ३०० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा निरुपयोगी होईल.

लहरी कोणाच्या?

सर्वांत सरळ उत्तर: महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या. प्रत्येकीची लहर वेगळी ओळखू येत नाही, जत्रेतल्या गलक्यासारख्या सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. अशा जोड्या केवळ गुरुत्वीय लहरींनीच ऊर्जा गमावत असतील तर वर्णपटाचा ढाळ ठरलेला आहे. वेळेतल्या फरकांच्या वर्णपटात तो घातांक १३/३, म्हणजे ४.३३ यायला हवा. नॅनोग्रॅव्हला तो ३.२ च्या आसपास मिळाला, पार्क्सला ३.९ च्या. अनिश्चितता मोठी आहे, तेव्हा विसंगती सिद्ध झालेली नाही. पण आकडा खरेच उथळ निघाला तर त्याचा एक अर्थ आकर्षक आहे.

१९८० मध्ये बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी दाखवलेली अडचण अशी: दोन कृष्णविवरे भोवतालच्या ताऱ्यांना दूर भिरकावत एकमेकांजवळ येतात, पण साधारण एक पार्सेकच्या अंतरात आल्यावर भिरकावायला तारे उरत नाहीत आणि लहरींनी ऊर्जा जाण्याइतकी जवळीकही झालेली नसते. जोडी तिथेच अडून राहायला हवी. पार्श्वभूमी खरोखर याच जोड्यांची असेल तर त्या अडून राहत नाहीत, हे निरीक्षणाने सांगितले असे होईल. आणि ढाळ उथळ असेल तर कमी वारंवारितेला वायू किंवा तारे अजूनही त्यांना ढकलत आहेत. विश्वाच्या आरंभीची अवस्थांतरे, वैश्विक तंतू असे इतर उगमही मांडले गेले आहेत, आणि सध्याची माहिती त्यांना नाकारत नाही. मला ते घाईचे वाटतात. कृष्णविवरांच्या जोड्या असणारच, त्यांचा वाटा नीट मोजल्याशिवाय उरलेले कुणाच्या नावावर टाकायचे?

डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट गटाने ८३ पल्सारांच्या साडेचार वर्षांच्या नोंदींतून काढलेले मूल्य इतरांपेक्षा बरेच मोठे, सुमारे दुप्पट आले. नॅनोग्रॅव्हनेच दाखवले आहे की इलेक्ट्रॉनांच्या चढउताराचे प्रतिमान बदलले की ढाळ ४.३३ च्या दिशेने सरकतो. म्हणजे लहरी कोणाच्या, हा प्रश्न तूर्त पुन्हा एकेका पल्सारच्या दृष्टिरेषेवर येऊन ठेपला आहे. आंतरराष्ट्रीय पल्सार टायमिंग ॲरेच्या तिसऱ्या संयुक्त संचात सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र बसवण्याचे काम चालू आहे. त्यात प्रत्येक ताऱ्याच्या गोंगाटाचे गणित नव्याने मांडावे लागणार आहे, आणि खालच्या पट्ट्यातल्या खोडदच्या नोंदी लागणार आहेत त्या तिथेच.